लाईट तीच, बिल वेगळं

मुंबईच्या उपनगरात राहणाऱ्या माणसाला आयुष्यात फार गोष्टी निवडता येत नाहीत. पाण्याची वेळ पालिका ठरवते. लोकलमध्ये कुठल्या पायावर उभं राहायचं ते मागचा माणूस ठरवतो. शेजारी तर आपल्याआधीच फ्लॅट घेऊन बसलेले असतात. वीज मात्र आम्हाला निवडता येते! पुण्याच्या माणसाला ही सोय नाही, नाशिकच्या माणसाला नाही. इतकंच काय, कुलाब्यापासून माहीम-सायनपर्यंत ज्यांना आपल्या पत्त्याचा भारी अभिमान आहे, त्यांनीही गुमान बेस्टची लाईट घ्यायची. मुलुंड-भांडुपवाल्यांनी महावितरणची. वांद्र्यापासून दहिसरपर्यंतच्या आम्हा लोकांना मात्र टाटा की अदानी, असं विचारलं जातं. देशात घरगुती ग्राहकाला असा प्रश्न विचारला जाण्याची ठिकाणं फार थोडी आहेत. पण निवडायचा हक्क मिळाला म्हणजे निवडता येतंच असं नाही, हे लग्नाच्या बाबतीत जसं उशिरा कळतं तसंच विजेच्याही.

आम्ही कोणाकडून कोणाकडे गेलो ते मी शेवटपर्यंत सांगणार नाही. आमच्या इमारतीत दोन्हीकडचे लोक आहेत आणि सोसायटीची निवडणूक तोंडावर आली आहे.

सुरुवात जिन्यात झाली. मे महिन्यात आमच्या जिन्यात लोक एकमेकांना नमस्कार करत नाहीत. 'किती आलं?' एवढंच विचारतात. तळमजल्यावर एक काका राहतात, बँकेतून निवृत्त झालेले. दुसऱ्याच्या आकड्यात रस घेण्याची नोकरीतली सवय त्यांना अजून आहे. मी भाजी घेऊन वर चढत होतो.

"किती आलं?"

मी आकडा सांगितला. काकांनी डोळे मिटले. कोणी गेल्याची बातमी कळावी तितका वेळ ते मिटलेलेच होते.

"आम्हाला याच्या निम्मं."

"निम्मं?"

"निम्म्याला थोडं कमीच. कंपनी बदलली ना."

"आणि एसी?"

"लावतो की. रात्रभर."

त्या रात्री मला झोप लागली नाही. एसी चालू असूनही लागली नाही, हे विशेष. माझं मत विचाराल तर माणसाला स्वस्त वीज नको असते, शेजाऱ्यापेक्षा स्वस्त वीज हवी असते. दोघांना सारखंच महाग बिल आलं, तर त्यात एक बंधुभाव असतो.

दुसऱ्या दिवसापासून मी घरात दिवे मालवत फिरू लागलो. माझे वडीलही असेच फिरत, आणि तेव्हा मला त्याचा राग यायचा. मुलगी अभ्यास करत असताना तिच्या डोक्यावरचा दिवा मी बंद केला, तेव्हा ती शांतपणे म्हणाली, "बाबा, हा नऊ वॉटचा एलईडी आहे. 111 तास जळला तर एक युनिट होतं. बाथरूममधला गीझर दोन हजार वॉटचा आहे. अर्ध्या तासात एक युनिट."

"मग?"

"मग काही नाही. तुमची एक अंघोळ म्हणजे या दिव्याचे साडेचार दिवस."

शिक्षणावर इतका खर्च केल्यावर मुलं असं बोलणारच. मी दिवा पुन्हा लावला.

समोरच्या काकूंची विजेची बचत मात्र निराळ्याच पायावर उभी आहे. दर टप्प्याटप्प्याने वाढतो हे त्यांना ठाऊक आहे: शंभर युनिटपर्यंत एक, तीनशेपर्यंत दुसरा, पाचशेपर्यंत तिसरा आणि पुढे जो काही असेल तो. त्यांचा ठाम समज असा, की 301 वं युनिट पडलं की मागची तीनशेही वरच्या दराने धरतात. त्यामुळे महिनाअखेरीस काकू मीटरच्या खोलीत फेऱ्या मारतात. आकडा जवळ आला की घरात आणीबाणी. मिक्सर बंद, इस्त्री बंद, यजमानांनी दाढीही थंड पाण्याने करायची. मी एकदा समजावून सांगायला गेलो. म्हटलं, वरचा दर फक्त वरच्या युनिटांना लागतो, खालच्यांना हात लावत नाहीत. एक युनिट जास्त पडलं तर एका युनिटाचेच जास्त पैसे.

काकूंनी ऐकून घेतलं आणि विचारलं, "तुम्हाला किती आलं?"

मी सांगितलं.

"मग तुम्ही मला शिकवू नका," त्या म्हणाल्या.

कंपनी बदलायची म्हटल्यावर पहिला विरोध घरातून झाला. आईने विचारलं, "बीएसईएस सोडायची? का पण?" आईच्या दृष्टीने या उपनगरात एकच कंपनी आहे आणि ती म्हणजे बीएसईएस. ही कंपनी 1929 साली निघाली, 2003 साली रिलायन्सकडे गेली आणि 2018 साली अदानींकडे. पाट्या बदलल्या, गाड्यांचे रंग बदलले, बिलाचा कागद बदलला. आई ढळली नाही. बिल कोणाचंही असो, ती 'बीएसईएसचं बिल आलं' असंच म्हणते. मधल्या काळात इमारतीतले काही लोक टाटांकडे गेले. त्यांच्याबद्दलही ती 'त्यांची बीएसईएस वेगळी आहे' एवढंच सांगते. मला यात एक गंमत वाटते. मालक दोनदा बदलला तेव्हा आम्हाला कोणी विचारलं नाही आणि आम्हालाही काही वाटलं नाही. आपण स्वतः बदलायचं ठरवलं की मात्र घरात, इमारतीत आणि पुण्याला सगळ्यांना विचारावं लागतं.

पुण्याचं नंतर सांगतो. आधी इमारत.

खरं तर ही ज्याची त्याची बाब. अर्ज आपला, मीटर आपला, बिल आपलं. पण सोसायटीत ज्याची त्याची बाब असं काही नसतं. मी अर्ज करणार ही बातमी वॉचमनमार्फत सेक्रेटरींना कळली आणि त्यांनी फळ्यावर सभेची सूचना लिहिली: 'विषय: वीज. चहाची व्यवस्था आहे.' दुसऱ्या वाक्यामुळे उपस्थिती चांगली होती.

सेक्रेटरींनी सुरुवातीलाच भूमिका मांडली. "कंपनी बदलली की वायर टाकायला खणणार. आवारात फरशा नुकत्याच बसवल्यात. मी परवानगी देणार नाही."

दुसऱ्या मजल्यावर एक वकील आहेत. फी मिळणार नसली की ते फार सोपं बोलतात. त्यांनी सांगितलं, की 2008 साली सर्वोच्च न्यायालयाने टाटांना घरगुती ग्राहकांनाही वीज विकता येईल असं ठरवलं. पण उपनगरात त्यांच्या वायरी घरोघरी नव्हत्या. मग 2009 साली महाराष्ट्र वीज नियामक आयोगाने तोड काढली. वायर ज्याची आहे त्याचीच राहू दे. ग्राहकाने वीज दुसऱ्याकडून घ्यावी आणि वायरवाल्याला वायरीचं भाडं द्यावं. बिलात त्याला वहन आकार म्हणतात.

"म्हणजे वायर तीच?" सेक्रेटरींनी विचारलं.

"तीच."

"आणि करंट?"

"तोही तोच. सगळ्यांची वीज एकाच ग्रिडमध्ये जाते. तुमच्या पंख्याला कोणाची आली हे कोणालाच सांगता येत नाही."

"मग बदलणार काय?"

"बिल पाठवणारा."

सभा गप्प झाली. तीच वायर, तीच लाईट आणि बिल कमी, म्हणजे यात नक्कीच काहीतरी गोम आहे, हे सगळ्यांच्या चेहऱ्यावर एकदम उमटलं. महाग वस्तूवर आपला चटकन विश्वास बसतो. स्वस्त वस्तूला मात्र पुरावा मागतो.

तिसऱ्या मजल्यावरच्या वहिनींना वकिलांचं ग्रिड अजिबात पटलं नाही. टाटांची वीज खोपोलीला 1915 पासून पाण्यावर होते आणि दुसऱ्यांची डहाणूला कोळशावर, एवढं त्यांनी कुठेतरी वाचलं होतं. टाटांची ट्रॉम्बेलाही औष्णिक वीज आहे, हे वकिलांनी सांगून पाहिलं. पण वहिनी तोवर पुढे गेल्या होत्या. त्यांच्या मते पाण्याची वीज मुळात थंड, तेव्हा ती फ्रीजला चांगली. कोळशाची उष्ण, ती इस्त्रीला बरी पडते. "लॉन्ड्रीवाला बघा, अजून कोळसाच वापरतो," त्या म्हणाल्या. यावर कोणाला उत्तर सुचलं नाही. दोन्हीकडची थोडी थोडी वीज घेता येईल का, असाही एक प्रश्न मागून आला.

मग मास्तर उभे राहिले. मास्तर इतिहास शिकवायचे, आणि निवृत्तीनंतर तो आम्हाला शिकवतात. त्यांनी थेट 1921 गाठलं. मुळशीच्या धरणात मावळातल्या शेतकऱ्यांच्या जमिनी जाणार म्हणून सत्याग्रह झाला, सेनापती बापट तुरुंगात गेले, तरी धरण झालं आणि त्याचं पाणी भिऱ्याच्या वीजकेंद्राला मिळालं. मास्तरांचा आवाज चढला होता. "त्या पाण्यावरची वीज मी घरात घेऊ? हा तत्त्वाचा प्रश्न आहे!"

"मास्तर, वकील म्हणतायत की करंट सगळा एकच आहे. म्हणजे ती तुमच्या घरात आत्ताही येतच असेल," कोणीतरी म्हणालं.

मास्तर जरा वेळ उभेच राहिले. मग बसता बसता त्यांनी विचारलं, "दरात फरक किती पडतो?"

फरक किती पडतो हे शोधायचं काम माझ्याकडे आलं. त्यासाठी मी आयुष्यात पहिल्यांदा विजेचं बिल वाचलं. तोवर मी फक्त खालचा ठळक आकडा वाचत असे आणि बाकीचा कागद डब्यात घालायला वापरत असे. बिल हा वाचनीय मजकूर आहे. त्यात स्थिर आकार असतो. तुम्ही महिनाभर काशीला जाऊन राहिलात तरी तो घरी स्थिर असतो. मग वीज आकार, तो टप्प्याटप्प्याने. मग वहन आकार. मग इंधन समायोजन आकार, म्हणजे कोळसा वगैरे अंदाजापेक्षा महाग पडला तर त्याची तुमच्याकडून भरपाई. या सगळ्यावर सरकारचं 16 टक्के वीज शुल्क. मूळ वीज या आकारांच्या गर्दीत कुठेतरी अंग चोरून उभी असते.

मुलीने संगणकावर तक्ता करून दिला. एका बाजूला एक कंपनी, दुसऱ्या बाजूला दुसरी. गंमत अशी निघाली, की कमी वीज वापरणाऱ्याला एक स्वस्त पडत होती आणि जास्त वापरणाऱ्याला दुसरी. मधल्यांना दोन्ही सारख्याच महाग. आम्ही नेमके मधले. मध्यमवर्गाचं हे स्थान वीजदरातही इतकं अचूक सांभाळलेलं बघून मला भरून आलं. शिवाय आयोग दर पुन्हा ठरवतो. नवे दर लागू झाले की तक्ता शिळा. आमचा तक्ता होईपर्यंत एक दर बदललाच होता. शहाण्या माणसाने इथे थांबायला हवं होतं. पण तळमजल्यावरचे काका रोज जिन्यात भेटत होते आणि रोज हसत होते.

मी अर्ज करायचं ठरवलं. फोन लावला. पलीकडे एक गोड आवाजाची मुलगी होती.

"बिलावरचं नाव सांगाल का, सर?"

मी वडिलांचं नाव सांगितलं. आमचं बिल अजून त्यांच्याच नावाने येतं.

"आपणच बोलताय का?"

"नाही, मी त्यांचा मुलगा."

"सरांना फोन देता का?"

"ते नाहीत."

"कधीपर्यंत येतील?"

"येणार नाहीत. ते 2004 साली गेले."

पलीकडे जरा शांतता. मग ती हळू आवाजात म्हणाली, "सॉरी, सर. पण बिल तर दर महिन्याला वेळेवर भरतायत."

वडिलांची शिस्त होतीच तशी, असं मी सांगितलं. तर आधी नाव बदलायचं ठरलं. मृत्यूचा दाखला हवा, सोसायटीचं पत्र हवं आणि बाकीच्या वारसांची संमती हवी. सोसायटीचं पत्र सेक्रेटरींनी दिलं, पण त्याआधी सोसायटीची थकबाकी नसल्याचं पत्र मागितलं, जे त्यांनीच द्यायचं होतं आणि ज्यासाठी त्यांच्याकडेच अर्ज करायचा होता. वारस म्हणजे पुण्याचा भाऊ. त्याला फोन केला.

"संमती? कशाला?"

"लाईटच्या बिलावर माझं नाव लावायचंय."

"फक्त लाईटच्या?"

"फक्त लाईटच्या."

"फ्लॅटचं काही नाही ना त्यात?"

"नाही रे."

"नाही, वहिनी विचारत होती." वहिनी शेजारी नव्हतीच, ती माहेरी गेली होती, हे मला दुसरीकडून कळलं. मग त्याने विषय बदलला. "आमच्याकडे एकच कंपनी आहे, पण भानगड नाही. गुरुवारी जाते, तेही आधी कळवून." संमतिपत्र आलं. रजिस्टर्ड पोस्टाने, स्टॅम्पपेपरवर. त्यात 'वीजबिलापुरते' हा शब्द चार ठिकाणी होता आणि एका ठिकाणी अधोरेखित.

आईला नाव बदलणं रुचलं नव्हतं. "राहू दे की त्यांचं नाव. तेवढंच काहीतरी येतं त्यांच्या नावाने घरी," ती म्हणाली. आता बिलाला 'काहीतरी' म्हणणाऱ्या बाईशी वाद काय घालणार.

शेवटी मीटर बदलायला माणूस आला. आमच्या मीटरच्या खोलीत मीटर आहेत, पण ते ओळीत तिसरे. पहिल्या ओळीत थर्माकोलचं मखर, दुसऱ्या ओळीत तीन चाकांची सायकल, एक घडवंची आणि कोणाचा तरी पाळणा. हे सगळं बाहेर काढल्यावर भिंत दिसली. मीटरखाली फ्लॅटचे नंबर लाल रंगात होते. रंगाऱ्याने मागच्या वेळी भिंतीबरोबर निम्मे नंबरही रंगवले होते. आमचा मीटर कोणता, हे ठरवण्यासाठी त्या माणसाने एक फ्यूज काढला. वर कुठेतरी मिक्सर थांबला आणि वहिनींचा आवाज आला, "कोण आहे रे खाली!" तो फ्यूज परत गेला. दुसरा काढल्यावर लिफ्ट थांबली. लिफ्टमध्ये मास्तर होते. तिसऱ्या खेपेला आमचा मीटर सापडला.

मी वर जाऊन घरातला मेन स्विच पाडून आलो. तो माणूस मीटरकडे बघत उभा होता. या मीटरवर एक बारीक लाल दिवा असतो. वीज वापरली जाते तसा तो लुकलुकतो. जास्त वापर, तर भराभर.

"घरात काय चालू आहे?" त्याने विचारलं.

"काहीच नाही. मेन पाडलाय."

"मग हा कोणासाठी लुकलुकतोय?"

आम्ही दोघे त्या दिव्याकडे बघत राहिलो. दिवा आपला मजेत लुकलुकत होता. त्या माणसाने बॅटरी मारली. आमच्या मीटरच्या खालून, घराकडे जाणाऱ्या वायरीच्या जोडीने आणखी एक वायर निघाली होती. जोडावर काळी चिकटपट्टी, तिच्यावर धूळ, धुळीवर कोळ्याचं जाळं. वायर खिडकीच्या गजातून बाहेर गेली, पाण्याच्या पाइपाला दोनदा गुंडाळली गेली, आंब्याच्या फांदीवरून पलीकडे उतरली आणि थेट वॉचमनच्या खोलीत शिरली. आत एक टेबलफॅन फिरत होता. टीव्हीवर भोजपुरी सिनेमा चालला होता. विजेच्या शेगडीवर चहा उकळत होता. इमारतीतल्या ड्रायव्हर लोकांचे फोन ओळीने चार्ज होत होते. आणि कोपऱ्यात एक फ्रीज घरघरत होता.

"हा कुणाचा?" मी विचारलं.

"सेक्रेटरीसाहेबांनी दिला. दान म्हणून," वॉचमन म्हणाला.

फ्रीज उघडून बघितला. वॉचमनची दुधाची एक पिशवी होती. बाकी सगळा सेक्रेटरींचा आंब्याचा रस, वर्षभराचा, डब्यांवर तारखा घातलेला. वहिनींच्या घरच्या मोगऱ्याच्या वेण्याही तिथेच होत्या. थंड विजेवर चांगल्या टिकत असाव्यात.

सेक्रेटरी आले. जराही गडबडले नाहीत. "अहो, ही वायर तुमच्या वडिलांनीच दिली होती. गणपतीत. लायटिंगसाठी."

"कुठल्या गणपतीत?"

"आपण पाचाचा दहा दिवसांचा केला ना, त्या वर्षी."

"मग विसर्जनानंतर काढायची!"

"देवाच्या कामाची वायर. कोण काढणार?"

मीटर बदलणाऱ्या माणसाने त्याच्या हिशेबाने सरळ काम केलं. नव्या मीटरला घराची वायर जोडली. देवाच्या कामाची तशीच लोंबती ठेवली. टेबलफॅन थांबला, सिनेमा गेला, आणि संध्याकाळपर्यंत रस पातळ होऊ लागला. त्या रात्री तातडीची सभा झाली. चहा नव्हता, तरी उपस्थिती पूर्ण होती. 'गणपतीची वायर तोडणारा' म्हणून माझा उल्लेख झाला. मास्तरांनी दिवंगतांच्या इच्छेचा मान राखण्याविषयी चार शब्द सांगितले. शेवटी वॉचमनची खोली सोसायटीच्या मीटरवर घ्यायची आणि त्यासाठी मेंटेनन्स वाढवायचा असं ठरलं. फ्रीजला कोणी हात लावला नाही.

पुढचं बिल आलं. जवळजवळ निम्मं. ते कंपनीमुळे नव्हे, वायरीमुळे, हे मी जिन्यात भेटेल त्याला सांगत होतो. कोणाचा विश्वास बसेना. "नवीन कंपनीने पहिल्याच महिन्यात निम्म्यावर आणलं," ही बातमी सगळीकडे झाली. पुढच्या काही महिन्यांत इमारतीतले बरेच लोक इकडचे तिकडे गेले, कोणी तिकडचे इकडे आले. पाळणा, मखर आणि घडवंची इतक्यांदा आत-बाहेर झाली, की ती शेवटी बाहेरच ठेवली. ज्यांची बिलं उतरली नाहीत ते आता माझ्याकडे बघत नाहीत. तळमजल्यावरचे काका मात्र खूश. "मी सांगत नव्हतो?" असं ते जिन्यात म्हणत असताना त्यांच्या घरच्या काकू दारातून म्हणाल्या, "अहो, पण एप्रिलभर आपण नाशिकला होतो ना लेकीकडे?" काका घाईने दूध आणायला गेले.

एकदा रात्री लाईट गेली. फक्त आमच्या बाजूची. वायर ज्या कंपनीची, माणूसही तिचाच यायचा. वाणी बदलून दुसऱ्या दुकानातून सामान आणताना आपण पहिल्या वाण्याच्या दुकानावरून मान खाली घालून जातो, तसा मी त्याला टॉर्च दाखवत उभा होतो. त्याला त्याचं काहीच नव्हतं. त्याने फ्यूज घातला, पाणी मागितलं आणि गेला. पानउतारा व्हायला समोरच्याने आपली दखल घ्यावी लागते.

पुढच्या वर्षी 12 ऑक्टोबर 2020 ला, सोमवारी सकाळी दहाच्या सुमाराला, सगळ्या मुंबईची लाईट गेली. कळवा-पडघ्याच्या बाजूच्या उच्च दाबाच्या वाहिन्या बंद पडल्या. लोकल जागच्या जागी उभ्या राहिल्या, घरून काम करणारे घरीच पण कामाविना बसले. आमच्या इमारतीत सगळे गॅलरीत आले. आधी कोणी आपल्या घरातलं बटण बघितलं नाही, पहिली नजर दुसऱ्या कंपनीवाल्याच्या पंख्याकडे गेली. त्याचाही बंद. मग समोरच्याचा बघितला, तोही बंद. टाटांचे, अदानींचे, फोनवर कळलं की बेस्टवालेही, सगळे सारखे अंधारात. इतका खेळीमेळीचा दिवस सोसायटीत त्याआधी झाला नव्हता. मास्तरांनी सर्वांना कॉफी दिली. आईने एवढंच विचारलं, "बीएसईएसला फोन केला का कोणी?"

आता तुमच्या भागात दोन कंपन्या असतील आणि तुमच्या मनात बदलायचं असेल, तर खुशाल बदला. हक्क आहे तो, आणि तो कोर्टात भांडून मिळालेला आहे. फक्त वीज आकार बघून हुरळू नका. वहन आकार, स्थिर आकार, शुल्क सगळं धरून वर्षभराची बेरीज मांडा, आणि आपला वापर कुठल्या टप्प्यात बसतो ते बघा. बिल कुणाच्या नावावर आहे ते आजच तपासा, भाऊ पुण्याला असेल तर नक्कीच. मेन स्विच पाडून खाली जा आणि मीटरचा लाल दिवा लुकलुकतोय का बघा. लुकलुकत असेल तर वायरीच्या मागोमाग जा. आणि एवढं सगळं करून बिल खरंच कमी आलं, तर कृपा करून जिन्यात कोणाला सांगू नका.